माउंट रेनियरची रानफुलं: पॅराडाइज की सनराइज? आणि नक्की कधी?

रानजाई | ४ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये सासू-सासरे आमच्याकडे येतायत. सिएटलला नणंद असते, तिच्याकडे सगळ्यांनी जायचं ठरलंय आणि त्यातला एक अख्खा दिवस तिथल्या माउंट रेनियर नॅशनल पार्कासाठी राखून ठेवलाय. तिथली फुलांची कुरणं बघायची हे सासूबाईंचं जुनं खूळ. त्यांच्या मोबाइलवर कायम तोच फोटो असतो, मागे बर्फाचा डोंगर आणि पुढे निळी-गुलाबी फुलं.

अडचण अशी की मंडळी एका मापाची नाहीत. सासरे सत्तरी ओलांडलेले, सपाटीवर मला मागे टाकतील, पण चढ-उतार गुडघ्यांना सोसत नाही. सासूबाई फुलं दिसली की वेळकाळ विसरतात. नवऱ्याला घाम निघेल असा ट्रेक हवाय. लेक आठ वर्षांचा, त्याला मार्मट (खारीच्या जातीचा गुबगुबीत डोंगरी प्राणी) बघायचाय.

तर फुलं नक्की कधी असतात? ऑगस्टची सुरुवात की मध्य? तिकडची तिकिटं अजून काढायची आहेत. नेटवर तिथल्या पॅराडाइज आणि सनराइज या दोन ठिकाणांची नावं सारखी येतात. एका दिवसात एकच नीट होईल असं नणंद म्हणते. मग कुठलं?

तिसरा प्रश्न सासऱ्यांचा. "जिवंत ज्वालामुखी आहे ना तो? मग नातवाला घेऊन त्याच्या अंगाखांद्यावर कशाला खेळायचं?" याचं जरा शास्त्रीय उत्तर द्या कुणीतरी. माझं "काही होत नाही हो बाबा" चाललं नाही.

चिंगी | ४ जून, रात्री ९:४०

रुमाल टाकून ठेवते. आम्हीपण यंदा जायचं म्हणतोय.

टकमकटोक | ४ जून, रात्री १०:२५

रानजाई, इथली फुलं तारीख बघून येत नाहीत, बर्फ बघून येतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

पॅराडाइज ५,४०० फुटांवर आहे. तिथे वर्षाला सरासरी ६०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. १९७१-७२ च्या मोसमात १,१२२ इंच पडला होता, तेव्हाचा तो जागतिक विक्रम. एवढा सगळा बर्फ कुरणांवरून हटेपर्यंत जुलै उजाडतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा भुरभुर सुरू. म्हणजे झाडाला उगवायचं, फुलायचं, बी धरायचं ते सगळं दोन-तीन महिन्यांत उरकायचंय. म्हणून तिथे ओळीने एकेक फूल येत बसत नाही, सगळ्यांची एकदम झुंबड उडते.

साधारणपणे जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य. हिवाळा कोरडा गेला असेल तर हे सगळं आधी सरकतं, बर्फ जास्त असेल तर पुढे. आत्ताच तिकीट काढायचं असेल तर ऑगस्टचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा. फार चुकणार नाही.

आणि तुमच्या मंडळींसाठी पॅराडाइजच. का ते उद्या लिहितो, झोप येतेय.

निवडुंग | ५ जून, सकाळी ७:०५

झोपा तुम्ही, तोवर मी विरोध नोंदवतो.

ऑगस्टमधल्या शनिवारी पॅराडाइजला कधी गाडी लावून बघितलीय का? सकाळ संपायच्या आत पार्किंग भरतं. मग खाली रस्त्याच्या कडेला गाडी लावा आणि सत्तरीच्या सासऱ्यांना डांबरी चढावर चालवा. फुलं बघायला आलोत की मिरवणुकीला, कळत नाही.

सनराइज ६,४०० फुटांवर आहे, या पार्कात गाडीने याहून उंच जाताच येत नाही. उतरल्या उतरल्या समोर अख्खा डोंगर, आणि अंगावर एमन्स हिमनदी. अलास्का वगळता अमेरिकेतली क्षेत्रफळाने सगळ्यात मोठी हिमनदी आहे ती. सासऱ्यांसाठी सिल्व्हर फॉरेस्टची वाट आहे, जाऊन-येऊन दोनेक मैल, जवळपास सपाट. दोन्ही बाजूंना कुरण. नवऱ्याला माउंट फ्रीमाँटच्या टेहळणी चौकीवर पाठवा, जाऊन-येऊन ५.६ मैल. १९३४ साली बांधलेली लाकडी चौकी आहे, ७,१८१ फुटांवर. तिकडे पहाडी बकऱ्यापण दिसतात पुष्कळदा.

टकमकटोक | ५ जून, सकाळी ११:५०

निवडुंगराव, डोंगर बघायचा असेल तर सनराइज, एकशे एक टक्के मान्य. पण धाग्याचा विषय फुलं आहे.

सनराइज डोंगराच्या ईशान्येला, पर्जन्यछायेत. माती प्युमिसची, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडाचा भुगा. पाणी धरत नाही. तिथेही फुलं येतात, सुंदर येतात, पण गवतात विखुरलेली आणि ठेंगणी. पॅराडाइज दक्षिणेला, समुद्राकडून येणारे ढग थेट तिथे आपटतात. तिथलं कुरण ओलं, गच्च, गुडघ्याच्या वर. सासूबाईंच्या मोबाइलवरचा फोटो शंभर टक्के पॅराडाइजचा असणार.

शिवाय सासऱ्यांसाठी: मर्टल धबधब्यापर्यंतची वाट डांबरी आहे, जाऊन-येऊन मैलभर. मदतीला माणूस असेल तर व्हीलचेअरसुद्धा जाते. एडिथ क्रीकवरचा पूल, खाली धबधबा, मागे शिखर, चारी बाजूंनी फुलं. यापुढे एक पाऊल नाही टाकलं तरी दिवस वसूल. दुसरी निस्क्वाली व्हिस्टाची फेरी, सव्वा मैलाच्या आत.

निवडुंग | ५ जून, दुपारी १२:०४

आणि ते समुद्राकडून येणारे ढग आपटले की मागचं शिखर कुठे जातं, तेपण सांगा की.

टकमकटोक | ५ जून, दुपारी १२:१०

ते दैवावर. :)

कॅमेराकाका | ५ जून, रात्री ८:३०

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. मी फुलांचं सांगतो.

"सीझन" एकच नसतो, तीन पाळ्या असतात. पहिली पाळी बर्फाच्या कडेची. बर्फ वितळून मागे सरकतो आणि त्याच्या ओल्या काठावर पांढरी अ‍ॅव्हलांच लिली आणि पिवळी ग्लेशियर लिली उभी. कधी कधी बर्फाच्या पातळ थराला भोक पाडून वर आलेली दिसते. माझ्या मते सगळ्यात देखणी पाळी हीच, पण लोकांना माहीत नसते कारण तेव्हा वाटांवर चिखल आणि डास. त्याच सुमारास वेस्टर्न अ‍ॅनिमोन, पांढरं, मध्ये पिवळं.

दुसरी पाळी म्हणजे तो फोटोतला रंगोत्सव. निळी-जांभळी ल्युपिन, किरमिजी पेंटब्रश, पांढरी सिटका व्हॅलेरियन, आणि बिस्टॉर्टचे पांढरे गोंडे. ओढ्यांच्या कडेने गडद गुलाबी मंकीफ्लॉवर. या पाळीत अ‍ॅनिमोनचं फूल जाऊन त्याच्या बियांचा केसाळ झुबका झालेला असतो. इकडे त्याला काठीवरचा उंदीर म्हणतात. लेकाला शोधायला सांगा, तासभर शांतता मिळेल.

तिसरी पाळी ऑगस्टच्या उत्तरार्धातली. जांभळी अ‍ॅस्टर, मग गडद निळी जेन्शियन. आणि सप्टेंबरात हकलबेरीची झुडपं लालभडक.

काही बारकावे. ल्युपिनचं पान हाताच्या पंजासारखं असतं आणि मध्यभागी दवाचा एक टपोरा थेंब धरून ठेवतं. सकाळी नऊच्या आत गेलात तर दिसेल, नंतर नाही. पेंटब्रश अर्धा चोर आहे. स्वतःची पानं हिरवी असली तरी मुळं शेजाऱ्याच्या मुळांत खुपसून रस पितो, आणि तो शेजारी बऱ्याचदा ल्युपिनच असतो. दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात ते उगाच नाही. आणि कुठे मळक्या मोज्यांचा वास आला तर एकमेकांकडे संशयाने बघू नका, तो बिस्टॉर्टचा असतो.

प्रकाशासाठी म्हणाल तर ढगाळ दिवस फुलांना उत्तम. रंग फाटत नाहीत. कडक ऊन असेल तर सकाळी लवकर नाहीतर पाचनंतर.

सुरपारंब्या | ५ जून, रात्री ९:१५

कॅमेराकाका, सुरेख लिहिलंत. मोज्यांचं वाचून आमच्या घरात तीन बिस्टॉर्ट आहेत असं लक्षात आलं.

रानजाई | ५ जून, रात्री ९:५०

काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. चोर पेंटब्रश त्यांना इतका आवडला की आता तेवढ्यासाठी जायचं म्हणतायत.

पण सासरे अजून ज्वालामुखीवरच अडलेत. कुणी आहे का?

अश्मक | ६ जून, सकाळी ६:२०

आहे. सासऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. "काही होत नाही" हे उत्तर मलाही पटलं नसतं.

रेनियर जिवंत आहे. १४,४१० फूट उंच, आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २०१८ मध्ये धोक्याच्या दृष्टीने ज्वालामुखींची जी क्रमवारी लावली त्यात तिसरा, हवाईतला किलाउआ आणि इथलाच शेजारी सेंट हेलेन्स यांच्या मागे. पण इथली खरी भीती लाव्हाची नाही, चिखलाची आहे. डोंगरावर प्रचंड बर्फ, आणि आतल्या उष्ण, आम्लधर्मी वाफांनी कित्येक ठिकाणी खडक कुजवून मातीसारखा ठिसूळ केलेला. असा कडा कोसळला किंवा बर्फ झपाट्याने वितळला की पाणी, माती, दगड, झाडं सगळं एकत्र होऊन दरीतून ओल्या सिमेंटसारखं धावत सुटतं. याला लाहार म्हणतात. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी डोंगराचा माथाच ढासळला आणि ओसिओला नावाचा लाहार थेट प्युजेट साउंडच्या खाडीपर्यंत गेला. आज एनमक्लॉ वगैरे गावं त्या थरावर वसलेली आहेत. सनराइजला जाताना तुम्ही त्याच गावातून जाल. सुमारे ५०० वर्षांपूर्वी आणखी एक येऊन गेला, आज जिथे ऑर्टिंग गाव आहे तिथपर्यंत.

आता धीर देणारा भाग. मोठ्या उद्रेकाच्या आधी ज्वालामुखी सहसा गुपचूप बसत नाही. भूकंपाचे छोटे हादरे, जमिनीचा फुगवटा, वायू, हे सगळं वाढतं आणि रेनियरवर ते मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. दऱ्यांमध्ये लाहारचे संवेदक आणि गावांमध्ये भोंगे आहेत, शाळांमधून मुलांच्या कवायती होतात. २०२५ च्या जुलैत तिथे बारीक भूकंपांची रांग लागली होती, २००९ नंतरची सगळ्यात मोठी. बातम्यांनी डोक्यावर घेतली, पण इशाऱ्याची पातळी "सामान्य" वरून हलली नाही, कारण बाकीची लक्षणं नव्हती.

कडा कोसळून, काही पूर्वसूचना न देता लाहार येऊ शकतो, हे मात्र खरं आहे. त्याचा धोका दरीच्या तळाशी नदीकाठी जास्त, वर कुरणात कमी. नदीकाठी असताना लांबून येणाऱ्या मालगाडीसारखा आवाज वाढत गेला तर गाडीकडे पळू नका, काठावरून वर चढा. एवढं सासऱ्यांना सांगा आणि निश्चिंत मनाने जा. त्या दिवशी सगळ्यात मोठा धोका सिएटलहून तिथपर्यंतच्या रस्त्यावरचा आहे.

आणि ही कुरणंसुद्धा त्याच ज्वालामुखीची देणगी. माती खणली की राखेचे थर लागतात. रेनियरची राख, सेंट हेलेन्सची राख, आणि सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी जिथे आज क्रेटर लेक आहे त्या मझामा डोंगराची.

आबा_घाटवाले | ६ जून, सकाळी ८:००

अश्मक, तुम्ही धीर देताय की घाबरवताय? मी तर सिएटलच रद्द करत होतो.

अश्मक | ६ जून, सकाळी ८:२२

आबा, हलकेच घ्या. तुम्ही नायगाराला जा, तो फक्त मागे सरकतो.

बोरकूट | ६ जून, दुपारी १:४०

मला एक सांगा, इन्स्टावरचे फोटो फुलांच्या मधोमध बसून काढलेले असतात. तसं कुठे जाता येतं? वाटेवरून काढलेल्या फोटोत नुसती माणसं येतात.

कॅमेराकाका | ६ जून, दुपारी २:१५

कुठेही नाही. वाट सोडायची नाही, हा तिथला नियम आहे.

बोरकूट | ६ जून, दुपारी २:३०

अहो काका, दोन पावलं आत गेल्याने काय डोंगर खचतोय? गवत आहे, परत उगवेल. हरणं नाही का फिरत?

कॅमेराकाका | ६ जून, दुपारी ३:०५

हरणं दिवसाला हजारोंनी येत नाहीत आणि सगळी एकाच दगडावर बसून सेल्फी घेत नाहीत.

टकमकटोक वर म्हणाले ना, झाडाला वर्षात दोन-तीन महिने मिळतात. त्यामुळे तिथे वाढ फार हळू. हेदरचं वीतभर झुडूप कित्येक वर्षांचं असतं. पाय पडला की देठ मोडतो, माती दाबली जाते, पुढच्या वर्षी बर्फाचं पाणी त्याच घळीतून वाहतं आणि माती घेऊन जातं. दोन पावलांची पायवाट होते, मग ओघळ. हे भरून यायला दशकं लागतात.

आणि हे पॅराडाइजने भोगलेलं आहे. एके काळी तिथे कुरणात तंबू आणि मोटारी असायच्या, घोड्यांच्या रपेटी होत्या. १९३१ साली तर तिथे गोल्फचं मैदान केलं होतं! पुढे पार्कवाल्यांनी बिया गोळा करून रोपं वाढवली आणि उघडी पडलेली जमीन हाताने लावत आणली. अजून लावतायत. वाटेलगत दोरी बांधलेली दिसेल तिथे तेच चाललेलं असतं.

माणसं नको असतील तर लांब लेन्स लावा, खाली बसा, आणि वाटेच्या कडेचं फूल अग्रभागी घ्या. वाट दिसतच नाही फोटोत.

चिंगी | ६ जून, दुपारी ३:२०

काकांना मोदक. बर्फावरून चाललं तर चालतं पण, ना? कुठेतरी वाचलंय.

कॅमेराकाका | ६ जून, दुपारी ३:३१

हो, वाट किंवा बर्फ. बर्फाखाली झाड झोपलेलं असतं. कडेचा पातळ बर्फ मात्र टाळा, खाली ओढा पोखरत असतो.

बोरकूट | ६ जून, सायंकाळी ६:००

ठीक आहे. गोल्फचं माहीत नव्हतं. पण इन्स्टावाल्यांनाही कुणीतरी सांगा.

मुक्काम_पोस्ट | ७ जून, सकाळी १०:४५

नवरेबुवांच्या घामाबद्दल कुणीच बोलत नाहीये, ते मी घेतो.

स्कायलाइन ट्रेल. पॅराडाइजहून निघून पॅराडाइजलाच परत, ५.५ मैल, चढाई १,७०० फूट. फुलांतून सुरुवात, वर पॅनोरमा पॉइंट, तिथून दक्षिणेला हवा स्वच्छ असेल तर माउंट अ‍ॅडम्स, सेंट हेलेन्स, आणि नशीब असेल तर ओरेगॉनमधला माउंट हूड. एका ज्वालामुखीवर बसून दुसरे तीन बघायचे. परतीच्या बाजूने उतरताना स्लुइस्किन धबधब्याजवळून वाट जाते. १८७० मध्ये हॅझर्ड स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रम्प यांनी शिखर गाठलं, ती नोंद असलेली पहिली चढाई. त्यांना इथवर आणणारा स्थानिक वाटाड्या स्लुइस्किन, त्याचं नाव धबधब्याला आहे. वेळ कमी असेल तर गोल्डन गेटच्या वाटेने मधूनच उतरता येतं, सगळी फेरी चारेक मैलांची होते. फुलं त्या उतारावर भरपूर.

पॅनोरमा पॉइंटच्या आसपास जुलैभर, कधी ऑगस्टातही बर्फाचे पट्टे असतात. उतार तीव्र आहे, फलक वरच्या वाटेने जा म्हणत असेल तर निमूट जायचं. काठ्या असू द्या.

आणि तिथून पुढे कॅम्प म्यूर या गिर्यारोहकांच्या तळाकडे जाणारे लोक दिसतील, १०,००० फुटांच्या वर. नवऱ्याला मोह होईल. होऊ देऊ नका. ते सगळं उघड्या बर्फावरून आहे, ढग उतरला की पांढऱ्यात पांढरं. भले भले वाट चुकलेत तिथे.

रानजाई | ७ जून, सकाळी ११:१५

वाचलं त्याने. "बघू" म्हणाला. म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावं लागणार.

चिंगी | ७ जून, दुपारी १२:३०

मला एक तिसरा पर्याय सुचवायचाय. टिप्सू लेक आणि नॅचेस पीकची फेरी, चिनूक पासच्या खिंडीत. साडेतीन मैलांच्या आसपास, चढ बेताचा, फुलं पॅराडाइजच्या तोडीची आणि गर्दी त्यामानाने कमी. मावशीकडून ऐकलंय, मी अजून केली नाही.

टकमकटोक | ७ जून, दुपारी १:००

मावशी जाणकार आहेत. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरा, म्हणजे उत्तरार्धात रेनियर समोर येतो, नाहीतर सारखं मागे वळून बघावं लागतं. पण सासऱ्यांना पूर्ण फेरी जड जाईल. त्यांनी टिप्सूच्या काठाने फिरावं, तीही वाट सुरेख आहे.

भटकी_जमात | ८ जून, रात्री १०:१०

स्प्रे पार्क कुणी सुचवलं नाही अजून? मी तिथली अ‍ॅव्हलांच लिली विसरू शकत नाही.

मुक्काम_पोस्ट | ८ जून, रात्री १०:२५

कसं सुचवणार? तिथली वाट मोविच लेकपासून, आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा कार्बन नदीचा फेअरफॅक्स पूल एप्रिल २०२५ मध्ये कायमचा बंद केला. १९२१ चा पूल, गंजून गेला होता. गाडीने त्या बाजूला जाताच येत नाही आता.

भटकी_जमात | ८ जून, रात्री १०:३१

अरेरे. वाईट वाटलं.

आबा_घाटवाले | ९ जून, सकाळी ७:४०

फुटलेला ज्वालामुखीच बघायचा तर सेंट हेलेन्स का नाही? माझ्या तरुणपणी पेपरात आलेले फोटो अजून आठवतात.

अश्मक | ९ जून, सकाळी ९:००

आबा, जरूर बघा, पण वेगळा दिवस काढून. १८ मे १९८० ला उत्तरेची बाजू ढासळली, डोंगर ९,६७७ फुटांवरून ८,३६३ वर आला, ५७ माणसं गेली. मात्र तिथल्या जॉन्स्टन रिजच्या पर्यटक केंद्राकडचा रस्ता मे २०२३ मध्ये दरड कोसळून तुटला, केंद्र तेव्हापासून बंद. अलीकडच्या कोल्डवॉटर तलावापर्यंत जाता येतं.

अवांतर, पण फुलांच्या धाग्यात चालेल: उद्रेकानंतरच्या त्या ओसाड प्युमिसवर सुरुवातीला जी झाडं उगवली त्यात ल्युपिन होती. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे राखेतही तिचं भागतं. ती मरते, कुजते, मग दुसऱ्यांना माती मिळते. आणि काकांच्या चोर पेंटब्रशला कुणाकडे चोरी करायची ते नेमकं कळतं.

सुरपारंब्या | ९ जून, सकाळी ९:३०

या धाग्यात ल्युपिनचा सोशिकपणा बघून मला एकता-छाप मालिका आठवतायत.

टकमकटोक | १० जून, रात्री ८:१५

थोडं व्यवहाराचं बोलू, मग मी गप्प.

गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतात. आरक्षणाचा नियम दरवर्षी बदलतोय. २०२४ मध्ये पॅराडाइज आणि सनराइज दोन्हींकडे वेळ ठरवून प्रवेश होता, २०२५ मध्ये फक्त सनराइजला. निघायच्या आधी पार्कच्या अधिकृत साइटवर बघाच. तिथेच फुलांची सद्यस्थिती आणि वेबकॅमही असतात. पार्कात पेट्रोल मिळत नाही, फोनलाही बहुतेक ठिकाणी रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घ्या. डासांचं औषध हवंच. ऑगस्टात कधी कधी वणव्यांचा धूर येतो, त्याला इलाज नाही.

अस्वल दिसलं तर १०० यार्ड लांब, बाकी प्राण्यांपासून २५. मार्मट स्वतः जवळ येतो आणि काहीतरी द्या अशा नजरेने बघतो. द्यायचं नाही. लेकाला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी फार कठीण जातं.

आणि शनिवार-रविवार सोडून जा. यावर माझं आणि निवडुंगचं एकमत आहे.

निवडुंग | १० जून, रात्री ८:२०

नोंद घ्यावी, एकमत झालं. धागा बंद करायला हरकत नाही.

रानजाई | १४ ऑगस्ट, रात्री ११:०५

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

मंगळवारी गेलो, पॅराडाइजलाच. पहाटे निघालो म्हणून गाडी वरच लागली. आणि निवडुंग, आनंद साजरा करा, डोंगर दिसला नाही. दिवसभर ढगात. एकदा दुपारी निस्क्वाली हिमनदीचं नाक तेवढं दिसलं आणि पुन्हा पडदा.

पण फुलं! काका, ढगाळ दिवसाचं तुमचं अगदी खरं. ल्युपिनच्या पानातले थेंब दुपारपर्यंत होते कारण धुकंच हटलं नाही. सासूबाई मर्टल धबधब्याच्या वाटेवर इतक्या रमल्या की त्या मैलाला आम्हाला अख्खी सकाळ लागली. प्रत्येक पेंटब्रशशेजारी ल्युपिन आहे का ते त्या तपासत होत्या, आणि नसेल तर "हा प्रामाणिक दिसतो" असा शेरा. सासऱ्यांनी निस्क्वाली व्हिस्टाची फेरी एकट्याने केली आणि येऊन एका रेंजरबाईंना लाहारबद्दल एवढं विचारलं की त्यांनी शेवटी नकाशा काढून दाखवला. परतीच्या वाटेवर लाँगमायरजवळ नदी दिसली की गाडीत आम्हाला कुठून वर चढायचं ते सांगत होते.

लेकाला मार्मट दिसले, पोटभर. नवरा स्कायलाइन करून आला, पॅनोरमा पॉइंटला त्याला दहा फुटांपलीकडचं काही दिसलं नाही, त्यामुळे कॅम्प म्यूरचा प्रश्नच मिटला. ढगांचे माझ्यातर्फे आभार.

एक भर घालते, म्हाताऱ्या माणसांना नेणाऱ्यांसाठी: डांबरी वाटसुद्धा काही ठिकाणी चांगलीच चढाची आहे. "डांबरी" वाचून मी सपाट समजले होते. सासऱ्यांना काठीचा उपयोग झाला. आणि गारठा होता, ऑगस्ट असूनही स्वेटर लागले.

निवडुंग | १५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

सनराइजला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी वेबकॅम बघत होतो.

टकमकटोक | १५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

हा माणूस मंगळवारी कामधंदा सोडून वेबकॅम बघत होता.

कॅमेराकाका | १५ ऑगस्ट, सकाळी ८:००

फोटो कुठे आहेत रानजाई? "प्रामाणिक" पेंटब्रशचा तरी टाका. आणि सासूबाईंना सांगा, ल्युपिन नसेल तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी मुळात तोंड घालून बसलेला असणार.

रानजाई | १५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

हे मी त्यांना सांगणार नाही. फोटो रात्री टाकते.

पाऊलखुणा | २ सप्टेंबर, दुपारी ४:३०

उशिरा आले या धाग्यावर. आम्हाला सप्टेंबरअखेरच जमतंय. फुलं नसतील तर जाण्यात अर्थ आहे का? आणि नोव्हेंबरात बर्फ बघायला?

मुक्काम_पोस्ट | २ सप्टेंबर, सायंकाळी ५:५०

सप्टेंबरअखेर डोळे झाकून जा. अख्खा उतार लाल-केशरी झालेला असतो, डास नाहीत, गर्दी निम्मी. हकलबेरी उरल्यासुरल्या मिळतील, पण त्यांच्यावर अस्वलांचाही डोळा असतो, झुडपात शिरू नका. सनराइजचा रस्ता कधी बंद होतो ते हवामानावर, आधी बघून घ्या.

नोव्हेंबरचं म्हणाल तर निस्क्वाली प्रवेशद्वाराच्या बाजूने पॅराडाइजला जाता येतं, वादळ असेल तर लाँगमायरचं फाटक बंद ठेवतात. १ नोव्हेंबर ते १ मे गाडीत चाकांच्या साखळ्या ठेवणं सक्तीचं आहे, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी असली तरी.

पाऊलखुणा | २ सप्टेंबर, सायंकाळी ६:०५

भाड्याच्या गाडीला साखळ्या लावू देतात का?

मुक्काम_पोस्ट | २ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

करारात बहुतेक वेळा मनाई असते, घेतानाच विचारा. त्यापेक्षा सप्टेंबरच बरा.